न मागता आलेला नंबर

आधीच सांगतो, ही मनानं रचलेली गोष्ट नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं. वाद घालायला मला वेळ नाही, आणि आता तेवढा धीरही उरला नाही.

हे माझ्या मावसबहिणीच्या, सुनयनाच्या घरी घडलं. आदिलाबाद जिल्हा, तलमडुगु मंडल, म्हणजे तालुका. गावाचं नाव टाकू नको असं तिनं बजावलंय, म्हणून टाकत नाही. अमावस्या नव्हती, पाऊस नव्हता, कुत्रंही रडत नव्हतं. मागच्या मे महिन्यातला शेवटचा गुरुवार. टळटळीत दुपार, साडेबारा वाजलेले.

पण त्या दुपारपर्यंत पोचायला थोडं मागून यावं लागेल.

सगळं सुरू झालं एका मोबाईल नंबरपासून.

तो नंबर सुनयनाच्या नवऱ्याचा, जीवनचा.

जीवनचं गावात, राहत्या घराला लागूनच, ऑनलाइन सेंटर होतं. समोरच्या खोलीत दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. मागे एक लहान खोली, जुन्या मॉनिटरांनी भरलेली, कायम कुलूपबंद. दारापुढे ओटा. त्या गावात रेंज कुठेच लागत नाही, फक्त या ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात लागते. तिथे जाऊन उभं राहिलं की फोन एकदम जागा होतो. त्यामुळे गावाचं निम्मं बोलणं त्या कोपऱ्यात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं चालतं.

बारा वर्षांपूर्वी गावात आधार कार्डं निघाली, तेव्हा निम्म्या लोकांकडे फोनच नव्हते. ज्यांच्याकडे होते ते सहा महिन्यांनी सिम बदलायचे. मग अर्जावर मोबाईल नंबर कुणाचा लिहायचा? जीवनचा. आधारला जीवनचा, रेशनला जीवनचा, गॅसला जीवनचा, जमिनीच्या पट्ट्यालाही जीवनचाच. आपला नंबर बदलते, जीवन कुठं बदलते, असं लोक म्हणायचे.

ओटीपी आला की जीवन कोपऱ्यात उभा राहून खणखणीत आवाजात पुकारायचा. आधी नाव. मग दोन-दोन आकडे, सावकाश. आणि शेवटी त्याचं ठरलेलं वाक्य.

"लवकर, दहाच मिनटं आहेत."

यावरून नवरा-बायकोचं हजारदा वाजलं असेल. सुनयना शिकलेली, आदिलाबादला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. ती म्हणायची, ओटीपी म्हणजे घराची किल्ली, आणि तुम्ही ती चावडीवर ओरडून वाटता. आकडे कोण मागून राह्यलं ते तरी पाहत जा. जीवन हसायचा. मागणारं आपलंच असते, म्हणायचा. या माणसाला मी कधी रागावलेलं पाहिलं नाही, आणि त्याच्यामुळे सुनयनाला कधी शांत पाहिलं नाही.

त्या मेच्या आदल्या कार्तिकात मावला गावाजवळ त्याची गाडी ट्रॅक्टरवर धडकली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. फोनचा चुरा झाला. सिम सापडलंच नाही.

गावातल्या चारशे माणसांचा नंबर एका दुपारी मेला.

सुनयनानं पंधराव्या दिवशी सेंटर उघडलं. उघडावंच लागलं, लोक कागदं घेऊन ओट्यावर येऊन बसले होते. ती प्रत्येकाला सांगायची, आदिलाबादला जा, अंगठा लावा, स्वतःचा नंबर जोडून घ्या. लोक माना डोलवायचे. कापसाची वेचणी होऊ दे, म्हणायचे. वेचणी झाली. मग तूर निघू दे. तूर निघाली, तर लग्नसराई आली. गेले किती? अकरा. चारशेपैकी अकरा.

तिनं मोठ्या अक्षरात एक कागद लिहून दाराशी चिकटवला. ओटीपी कुणाला सांगू नका. जन्मतारीख पासवर्ड म्हणून ठेवू नका. अनोळखी लिंक उघडू नका. आणि सगळ्यात खाली, लाल शाईनं:

न मागता ओटीपी आला तर समजा, तुमच्या नावानं दुसरंच कुणीतरी आत शिरायला बघतंय.

लोकांनी त्या कागदाला पाठ टेकून तंबाखू मळली.

रोज सकाळी ती मोबाईलवरच्या बातम्या ओट्यावर वाचून दाखवायची. कुठे कुणाला कसं फसवलं, ते. एकदा तिनं वाचलं, आता माणसाच्या आवाजाचीही नक्कल करतात. पोराच्या आवाजात आईला फोन येतो. म्हणून घरच्या माणसांनी आपसात एक गुप्त शब्द ठरवून ठेवावा. त्यावर एक म्हातारा म्हणाला, आपल्या गावात रेंजच नाही, फसवणारा येईन कुठून? सगळे खो खो हसले. सुनयना म्हणते, त्या दिवशी तिला कॉम्प्युटर उचलून त्यांच्या पायावर टाकावासा वाटला.

पण दिव्याखाली अंधार. तिच्या स्वतःच्या लेकीच्या, मयूरीच्या कार्डावर अजून बापाचाच नंबर होता.

मयूरी बारावीला. तिला नर्सिंगला जायचं होतं. रस्त्यावर पडलेल्या बापाचं रक्त कुणालाच थांबवता आलं नाही, तेव्हापासून पोरीनं दुसरं काही मनात आणलं नव्हतं. मेमध्ये तिचा अर्ज भरायचा होता, आणि अर्जाला कार्डावरच्या नंबरवर येणारा ओटीपी लागणार होता. हे सुनयनाला माहीत होतं. तरी ती ढकलत राहिली. लेकीच्या कार्डावरून जीवनचा नंबर काढायचा म्हणजे त्याला अजून एका ठिकाणाहून पुसायचं. तिचा हात होईना. तिनं हे मला सांगितलं तेव्हा स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

मार्चमध्ये पहिला प्रकार घडला.

बयनाबाई म्हणून एक म्हातारी, रामाजीची बायको, रेशन कार्डाच्या कामाला आली. गुडघे दुखतात म्हणून ती बाहेर ओट्यावरच बसली. सुनयना वैतागलेलीच होती. तुझा मेसेज मेलेल्या नंबरवर जाईल, मी काय करू, असं म्हणत तिनं रागारागानं ओटीपीचं बटण दाबलं.

मिनिटभर काहीच नाही.

मग बाहेरून बयनाबाई म्हणाली... "तीन, एक... आठ, शून्य... सहा, सहा."

"हे काय?"

"आकडे नं. जीवननं सांगतले आत्ता. तू आयकलं नाई?"

सुनयनाचा पारा चढला. म्हातारीला खोटं पाडायचं म्हणून तिनं तेच आकडे टाकले.

हिरवी खूण आली.

ती धावत बाहेर गेली. ओट्याचा डावा कोपरा... रिकामा. उन्हात एक शेळी बसलेली, दुसरं कुणी नाही.

मग रोजचंच झालं. कधी कुणी कपाशीचे पैसे जमा झाले का बघायला यायचं, कधी कुणी पट्ट्याची नक्कल काढायला. सुनयना बटण दाबायची, आणि ओट्यावर बसलेला माणूस आकडे सांगायचा. प्रत्येक वेळी बरोबर. आवाज जीवनचाच, पद्धत तीच, शेवटचं वाक्यही तेच. माणसं घाबरली असतील असं वाटतं ना? छे. गाव खूश. आता नंबर बदलायला आदिलाबादला कोण जातं? जीवन मेला पण ड्यूटी नाही सोडली, असं कौतुकानं सांगायला लागले. जे अकरा जण नंबर बदलून आले होते, ते उलट हळहळले.

आणि तो आवाज सुनयनाला ऐकूच येत नव्हता.

तिनं पंखा बंद करून पाहिला. कोपऱ्यात दुपारभर उभी राहिली. काही नाही. सगळ्या गावाशी बोलतो, बायकोशी तेवढा बोलत नाही, असं कुणीतरी गमतीनं म्हणालं. ती आत जाऊन प्रिंटरवर हात आपटून रडली. भीती तिला तेव्हा वाटलीच नव्हती. राग येत होता. जिवंतपणी ऐकलं नाही, मेल्यावरही तेच चालू, असा राग.

पण ती माझी बहीण आहे. ती डोकं चालवणारी. तिनं ठरवलं, यात भूतबीत काही नाही. बंद झालेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. तो कुणा चोराच्या हाती लागला असणार, आणि तोच गावाला खेळवतोय. एप्रिलमध्ये एका मंगळवारी सेंटरला कुलूप घालून ती आदिलाबादला मोबाईलच्या दुकानात गेली. तिथल्या मुलीनं शोधून सांगितलं. नंबर कुणालाच दिलेला नाही. बंद आहे. त्यावर एकही मेसेज पोचू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बयनाबाई आली. काल मले न मागताच नंबर आला, म्हणाली. काही काम नव्हतं, सहज ओट्यावर टेकली होती, तर जीवननं तिचं नाव घेऊन आकडे पुकारले.

सुनयनानं दाराच्या कागदाकडे पाहिलं. लाल शाईची ओळ.

"कोणाले सांगतला तं नाई?"

"तुलेच सांगतला नं मा. आतून तूच तं विचारलं... बयनाबाई, काय आला नंबर म्हून."

काल दिवसभर सेंटरला कुलूप होतं. किल्ली सुनयनाच्या पर्समध्ये होती, आणि सुनयना आदिलाबादला.

तिनं म्हातारीला ते सांगितलं नाही. नुसतं बजावलं, यापुढे मी विचारलं तरी सांगू नको. बयनाबाई म्हणाली, तुले नाई सांगू तं मंग कोणाले सांगू?

चार दिवसांनी रामाजी बायकोचा हात धरून आला. त्याचा चेहरा उतरलेला. म्हातारी जेवते, भाकरी थापते, शेळीला चारा टाकते. सगळं ठीक. पण नावानं हाक मारली तर ती आपल्यालाच मारली हे तिला कळतच नाही.

"दुसऱ्याच कोणाले हाक मारली, अशी इकडंतिकडं पाह्यते. कान तपासले, चांगले आहेत. म्हटलं तू तिचं कार्ड तरी पाहून घे."

सुनयनानं तिचा अंगठा मशीनवर ठेवला. जुळत नाही, असं आलं. तसं इथल्या बायकांचं हे नेहमीचंच, कापूस वेचून वेचून बोटांच्या रेषा पुसतात. मार्चमध्ये रेशन घेताना मात्र हाच अंगठा जुळला होता.

"बयनाबाई," सुनयनानं हाक मारली.

म्हातारी समोरच बसली होती. लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही.

"बयनाबाई..."

"ओ."

आवाज म्हातारीचाच.

आला मात्र मागच्या खोलीतून...

दाराला कुलूप होतं. रामाजीनंही ऐकलं. बायकोला उठवून, हाताला धरून घेऊन गेला, आणि पुन्हा त्या ओट्यावर फिरकला नाही. सुनयनानं कुलूप काढून आत पाहिलं. मॉनिटरांच्या रांगा, कोळ्याची जाळी, जमिनीवर बोटभर धूळ. धुळीत एकही पाऊल नव्हतं.

तिनं कुलूप परत लावलं, आणि तिला आधी आठवली मयूरी. पोरीच्या कार्डावरही तोच नंबर होता.

मग धावाधाव सुरू झाली. त्या दिवसापासून तिनं मयूरीला ओट्यावर बसू दिलं नाही. कधी लेकीची परीक्षा, कधी तिच्या आजीचं दुखणं असं करत मे उजाडला होता, आणि तिकडे आदिलाबादला आधारवाल्यांकडे शाळा-कॉलेजच्या पोरांची ही गर्दी. टोकन मिळालं ते शनिवारचं. नर्सिंगच्या अर्जाची शेवटची तारीख त्याच्या दोन दिवस आधी, गुरुवार, संध्याकाळी पाचपर्यंत. सुनयनानं टोकन देणाऱ्याशी भांडून पाहिलं, हात जोडून पाहिले. त्यानं मागच्या रांगेकडे बोट दाखवलं. त्याचंही बरोबर होतं. चूक तिची होती, आणि ती तिला पुरती कळत होती.

म्हणजे एक तर मेलेल्या बापाकडून नंबर घ्यायचा. नाही तर लेकीचं वर्ष जाऊ द्यायचं.

सुनयना म्हणाली, वर्ष गेलं तरी चालेल.

मयूरीला ते मान्य नव्हतं. आणि त्या गुरुवारी, साडेबारा वाजता, आई चुलीपाशी आहे असं बघून तिनं सेंटरमध्ये जाऊन गुपचूप अर्ज उघडला आणि ओटीपीचं बटण दाबलं.

सुनयना भाकरी टाकून धावत आली. लेकीचा हात धरून तिला खुर्चीवरून ओढायला लागली.

तेवढ्यात...

"मयूरी..."

सात महिन्यांनी तिनं तो आवाज ऐकला. ओट्याच्या डाव्या कोपऱ्यातून. तसाच खणखणीत, तसाच हसरा.

लेकीचा हात तिच्या हातून सुटला.

"पाच, दोन... शून्य, नऊ... सात, चार... लवकर, दहाच मिनटं आहेत."

मयूरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिची बोटं हलत नव्हती. स्क्रीनवर सेकंद कमी होत होते.

आणि जिनं गावाला सांगून सांगून घसा बसवून घेतला होता, त्या सुनयनानं स्वतःच्या हातानं ते सहा आकडे टाकले.

हिरवी खूण.

अर्ज गेला. पावती निघाली. मायलेकी एकमेकींना धरून बराच वेळ बसल्या. सुनयना मनाची समजूत घालत होती. हा नंबर आपण मागितला होता. न मागता आलेला नव्हता. कुणाला तोंडानं सांगितलाही नाही.

शनिवारी मयूरीचा नंबर बदलायला दिला. कार्डावर चढायला आठ-दहा दिवस लागतील, असं सांगितलं.

रविवारी दुपारी बाराच्या सुमारास सुनयना सेंटरमध्ये वीजबिलं छापत होती. मयूरी घरात स्वयंपाकखोलीत. मधे नुसता एक दरवाजा.

"मयूरी..."

सुनयनाचा हात प्रिंटरवर थांबला.

"आठ, तीन... एक, एक... दोन, सहा..."

आज कुणी बटण दाबलं नव्हतं. स्क्रीनवर नुसती वीजबिलं होती.

मग तिच्या पाठीमागून, कुलूपबंद खोलीतून, एक आवाज आला. आवाज बाईचा होता. प्रेमळ, घरातला.

"मयूरी, काय आला गं नंबर?"

तो सुनयनाचा आवाज होता.

तिचे स्वतःचे ओठ मिटलेले होते. आणि तिकडे स्वयंपाकखोलीतून मयूरी आईला सांगतात तसं सहज सांगायला लागली.

"आठ, तीन... एक, एक..."

सुनयना कशी धावली ते तिला आठवत नाही. पुढचा आकडा बाहेर पडायच्या आत तिनं लेकीचं तोंड तळहातानं घट्ट दाबलं. दोघी जमिनीवर बसल्या. कढईतली फोडणी जळत होती, कुणी उठलं नाही. मागच्या खोलीतून पुन्हा पुन्हा विचारणं चालू होतं, लाडानं, जराही न चिडता. सुनयना म्हणते, मी कधी माझ्या लेकीशी एवढं गोड बोलले नव्हते.

कोपऱ्यातून जीवनचं एकच वाक्य येत होतं. "लवकर, दहाच मिनटं आहेत."

तेव्हा ती बोलली. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं त्या बोलण्यात होतं.

"अहो, कोण मागून राह्यलं ते तं पाहा. लेकरू आहे आपलं. एकडाव तरी पाहा."

कोपरा गप्प झाला.

थोड्या वेळानं खोलीही गप्प झाली. भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं होऊन गेली होती.

त्यानंतर जीवनचा आवाज गावात कुणालाच ऐकू आला नाही. लोक सुनयनावर चिडले. तूच त्याला हाकललं म्हणाले, आणि कुरकुरत, शिव्या देत आदिलाबादला नंबर बदलायला गेले. सहा-सात महिने गळा फोडूनही जे तिला जमलं नव्हतं, ते दोन महिन्यांत झालं. सुनयनाला याचं हसू आलं असतं, पण ती तेव्हा दुसऱ्याच काळजीत होती. ती दिवसातून दहा वेळा लेकीला नावानं हाक मारून बघायची. मयूरी दर वेळी वळायची. काय आहे आई, म्हणून वैतागायची. तिचं ते वैतागणं बघून सुनयनाला बरं वाटायचं.

नर्सिंगच्या यादीत मयूरीचा नंबर लागला. ऑगस्टमध्ये ती हैदराबादला नर्सिंगला गेली. नवा फोन, नवा नंबर, कार्डालाही तोच.

पण सुनयना आता एकही गोष्ट सुटू देणार नव्हती. बातमीत वाचलेलं तिला आठवलं. तिनं मयूरीला फोन केला आणि सांगितलं, आपण एक शब्द ठरवू. मी फोनवर काहीही विचारलं तर आधी तो शब्द विचार. तो शब्द आला तरच मी खरी. दोघींनी मिळून शब्द ठरवला. नीट ऐकू गेला ना, म्हणून सुनयनानं तो दोनदा, मोठ्यानं म्हटला.

तो शब्द काय होता ते मी इथे लिहिणार नाही. आता लिहून उपयोगही नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, एका दुपारी, मयूरीचा फोन आला. सुनयना ओट्यावर गेली, रेंजमध्ये उभी राहिली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मेसचा वरण-भात, अंगावर येणारी इंग्रजी पुस्तकं. मग पोरगी सहज म्हणाली, आई, मघाशी तुला सांगितला तो ओटीपी लागला का?

"मी कधी विचारला?"

"तूच तं फोन केलता नं. अन् आपला शब्दबी सांगतला. म्हणूनच तं सांगतला मी."

सुनयनाला आधी चोरच आठवले. तिनं भराभरा विचारलं, खात्यातून काही गेलं का, कुठलं अ‍ॅप उघडलं का. मयूरीनं तिथल्या तिथे तपासलं. काही गेलं नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं. शब्द दोघींशिवाय कुणालाच माहीत नव्हता.

मग सुनयनाचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं.

ती ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात उभी होती. ऑगस्टमध्ये शब्द ठरवला तेव्हाही ती इथेच उभी होती. रेंज दुसरीकडे लागतच नाही ना. गुप्त शब्द तिनं इथेच उभं राहून म्हटला होता. दोनदा. मोठ्यानं.

तिनं फोन कानाला घट्ट धरला आणि हाक मारली.

"मयूरी..."

"ओ."

आवाज लेकीचाच.

मागच्या खोलीतून...

आणि फोनवर मयूरी म्हणाली, "आई, कोणाले हाक मारून राह्यली?"

झालं ते इतकंच. मयूरी दिवाळीला आली होती, मीही गेलो होतो. पोरगी हसते, जेवते, कॉलेजच्या गमती सांगते. आम्ही सगळे तिला बाळा म्हणतो. नाव कुणी घेत नाही. रामाजीच्या घरीही आता असंच चाललंय म्हणे, तो बायकोला नुसतं "अवं" म्हणतो.

मात्र सुनयनाला राहवत नाही. दुपारी सेंटर रिकामं असलं की ती एकटीच त्या कुलपापाशी बसते आणि हळूच लेकीचं नाव घेते. आतून ओ येते. परवापर्यंत नुसती ओ यायची. आता आई, दार उघड, असंही ऐकू येतं, असं तिनं सांगितलं. आवाज घाबरलेला आहे, म्हणाली. लहानपणी ताप चढला की मयूरी अशीच हाक मारायची.

मी तिला म्हटलं, तूच तर सांगायचीस, आवाजावर भरवसा ठेवू नका म्हणून. ती म्हणाली, माहीत आहे. पण त्या खोलीत माझी खरी पोरगी असेल तर?

किल्ली अजून तिच्याच पर्समध्ये आहे. काल तिनं मला विचारलं, उघडू का?

मी अजून उत्तर दिलेलं नाही.